स्वस्त पंपाची लाज कशाला?

गेल्या शनिवारी एका स्नेह्यांकडे जेवायला गेलो होतो. इथे सॅन अँटोनिओत आमच्या ओळखीची आठ-दहा मराठी घरं आहेत आणि महिन्यातून एकदा कुणाकडे तरी पिठलं-भाकरीचा बेत असतोच. हात धुवायला गेलो तर नळाला आधी कोमट पाणी, मग गार, मग पुन्हा कोमट. यजमान वयाने वडील. म्हणाले, "अरे, हीटर गेलाय. प्लंबर म्हणतो, आतलं हीट एक्स्चेंजर क्षारांनी बसलंय. बदलायला नव्या हीटरच्या निम्म्याहून जास्त पैसे. आणि वॉरंटीत बसत नाही."

मी विचारलं, "फ्लश कधी केला होतात?"

तर मला गॅरेजमध्ये घेऊन गेले. फळीवर एक खोकं. आत झाकणाची बादली, दोन नळ्या, पंप आणि क्षार विरघळवणाऱ्या द्रवाची बाटली. दीडशे डॉलरचा 'प्रोफेशनल' संच, चार वर्षांपूर्वी घेतलेला. पंपाच्या वायरला बांधलेली प्लास्टिकची पट्टीसुद्धा अजून तशीच होती!

आणि हेच गृहस्थ मागच्या वर्षी माझा पंप बघून हसले होते. "दोन हजारांचा हीटर आणि त्याला चाळीस डॉलरचा पंप? असं करू नये रे."

त्या रात्री काही बोललो नाही. (पिठलं फार छान झालं होतं.) पण आज बोलतो.

ज्यांच्याकडे हा प्रकार नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टँकलेस हीटरला टाकी नसते. नळ सोडला की गॅस पेटतो, आणि तांब्याच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या अरुंद नळ्यांमधून जाता जाता पाणी तापतं. आमच्या गावाचं पाणी मुख्यतः एडवर्ड्स अॅक्विफरमधून येतं, म्हणजे चुनखडीच्या खडकातून. शाळेत आपण ज्याला दुष्फेन पाणी म्हणायचो, ते हेच. लिटरमागे १८० मिलिग्रॅमच्या वर कठीणपणा गेला की अमेरिकेची भूगर्भ संस्था त्याला 'अतिशय कठीण' म्हणते. आमच्याकडे तो साधारण २६० ते ३४० असतो. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, पण चुन्याचं उलटं असतं. पाणी तापलं की तो बाहेर पडतो आणि जिथे सगळ्यात जास्त गरम आहे तिथेच चिकटतो. म्हणजे नेमका त्या नळ्यांमध्ये.

जरा हिशोब करू. लिटरला ३०० मिलिग्रॅम धरा आणि घरात दिवसाला २०० लिटर गरम पाणी. वर्षाला जवळजवळ २२ किलो क्षार त्या नळ्यांमधून जातात. समजा त्यातला शेकडा एकच भाग चिकटला, तरी झाले २२० ग्रॅम. आता औषध बघा. चार गॅलन, म्हणजे १५ लिटर साधं पाच टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर, कागदावर सव्वासहाशे ग्रॅम चुना विरघळवू शकतं. काम व्हिनेगर करतं. पंपाची नोकरी एवढीच, की बादलीतलं व्हिनेगर तासभर नळ्यांमधून फिरवत राहायचं.

आता मला सांगा, ऑफिसमध्ये आपण काय करतो? वर्षातून एकदा तासभर चालणाऱ्या जॉबसाठी कुणी सगळ्यात मोठा सर्व्हर विकत घेऊन कोपऱ्यात ठेवला, तर मीटिंगमध्ये आपणच त्याला सोलून काढू. मग घरी आल्यावर ही अक्कल कुठे जाते?

पहिला आक्षेप नेहमीचा: "स्वस्त पंप टिकत नाही." बरं. किती टिकायला हवा? वर्षाला दीड तास धरला तर दहा वर्षांत पंधरा तास. पंधरा तास न टिकणारा पंप शोधायलाच कष्ट पडतील.

दुसरा आक्षेप: "त्याला जोर नसतो." यात मात्र तथ्य आहे, आणि ते मी स्वतः ठेच खाऊन शिकलोय. पहिल्या वर्षी मी अतिशहाणपणा करून पंधरा डॉलरचा कारंज्याचा पंप आणला. खोक्यावर गॅलनचा आकडा मोठा होता, मी तेवढाच वाचला. पंप चालू केला, घुर्रर्र आवाज आला, आणि परतीच्या नळीतून एक थेंब नाही. मग खोकं नीट वाचलं. पाणी चढवायची कमाल उंची चार फूट! माझ्या भिंतीवरच्या हीटरमधलं हीट एक्स्चेंजर जमिनीपासून सहा फुटांवर. तो मोठा आकडा शून्य उंचीला मोजलेला असतो, आणि कमाल उंचीला प्रवाह शून्य होतो. सगळे पंप या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी काम करतात.

तेव्हा 'स्वस्त' म्हणजे दुकानातला सगळ्यात स्वस्त असं मी म्हणत नाहीये. कामाला पुरेल त्यातला स्वस्त. दुसऱ्या खेपेला एक षष्ठांश हॉर्सपॉवरचा, वीसेक फूट उंचीचा, बादलीत बुडवून चालवायचा पंप आणला. चाळीस डॉलर. इथे एक गंमत आहे. सुरुवातीला पाणी वरपर्यंत चढवायला ती उंची लागते. पण परतीच्या नळीचं तोंड बादलीतल्या द्रवात बुडलेलं असलं आणि सगळा मार्ग एकदा भरला, की चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या पाण्याचं वजन तराजूच्या दोन पारड्यांसारखं तोललं जातं. मग पंपाला फक्त नळ्यांचं घर्षण जिंकायचं असतं.

तरीही मोजलं. परतीच्या नळीखाली गॅलनचं भांडं धरलं, १७ सेकंदांत भरलं. म्हणजे मिनिटाला साडेतीन गॅलन. माझ्या हीटरचं मॅन्युअल चार गॅलनने एक तास फिरवा म्हणतं. कमी पडलं, लपवत नाही. म्हणून मी दीड तास फिरवलं. बादलीतले बुडबुडे थांबले, व्हिनेगर गढूळ झालं, तळाला पांढरी वाळू जमली. ज्यांना मॅन्युअलचा शब्द तंतोतंत पाळायचाय त्यांनी अजून दहा-वीस डॉलर घालून एक चतुर्थांशचा पंप घ्यावा. तोही त्या संचाच्या निम्म्यात येतो. नळ्या तर वॉशिंग मशीनच्याच लागतात, आटे तेच असतात.

पैसे वाचवायचे नाहीत अशा दोन जागा मात्र आहेत. पहिली म्हणजे पंपाचं अंग. ते प्लास्टिकचं असावं. बिडाचं किंवा जस्ताचं असेल तर व्हिनेगर क्षारांबरोबर पंपही खाईल. दुसरी म्हणजे मोटर. काही बुडत्या पंपांच्या मोटरीत तेल भरलेलं असतं, आणि सील गेलं तर ते तुमच्या आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्यात. तेव्हा बिनतेलाचाच घ्या, आणि तळघरातलं घाण पाणी उपसलेला जुना पंप यासाठी कृपया वापरू नका. बाकी सगळं डोकं ठिकाणावर ठेवून करायचं. हीटरची वीज आणि गॅस बंद, थंड आणि गरम दोन्ही व्हॉल्व्ह बंद (नाहीतर घरभर व्हिनेगर), पंपाचा प्लग शॉक टाळणाऱ्या जीएफसीआय सॉकेटमध्येच, आणि शेवटी साध्या पाण्याने भरपूर धुणं. मुरियाटिक अॅसिडचा शहाणपणा कुणी शिकवला तर हात जोडून निघून या, ते नळ्याच खातं.

तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही, पण खरा तोच आहे. बादली, नळ्या, पंप घेऊन गॅरेजमध्ये उकिडवं बसणं हे आपल्या इभ्रतीला शोभत नाही. महागडं खोकं विकत घेतलं की काम झाल्यासारखं वाटतं आणि हातही ओले होत नाहीत. स्नेह्यांचं नेमकं हेच झालं. प्लंबरला बोलावणं यात काही वाईट नाही. माझ्याकडे त्याने सव्वादोनशे सांगितले होते, ज्याला जमत नाही त्याने खुशाल द्यावेत. पण तेही दिले नाहीत, खोकंही उघडलं नाही, आणि हसायचं कुणाला, तर चाळीस डॉलरवाल्याला!

माझी आजी बार्शीला तांब्याचा बंब चिंचेने घासायची. आतल्या पांढऱ्या खपल्या दिवाळीआधी काढल्याशिवाय अभ्यंगस्नानाचं पाणी तापत नसे. तिने चिंचेची जात विचारल्याचं मला आठवत नाही. काम वेळेवर व्हायचं, आणि बंब आजोबांच्या लग्नातला होता.

असो. स्नेह्यांकडे नवा हीटर पुढच्या आठवड्यात बसतोय. "वर्षभराने माझा पंप घेऊन जा," म्हणून सांगून ठेवलंय. बायको म्हणते, "तू उगाच लोकांच्या गीझरमध्ये नाक खुपसतोस." खुपसतो खरा. तुमचा शेवटचा कधी धुतलात?