मृगयेचा अनुभव आणि मृगाचे प्राण

शिकाऱ्यांच्या कैफियतीत एक कलम असे आहे की, ते ऐकून सुशिक्षित मनुष्य चटकन विरघळतो. आम्ही हरीण मारण्यासाठी रानात जातच नाही, असे हे कलम सांगते. पहाटेचा गारवा, पावलांचा माग, श्वास रोखून केलेली प्रतीक्षा हेच आमचे खरे फळ. हरीण पडले तर उत्तम, न पडले तरी आम्ही तितक्याच समाधानाने घरी परततो. अमेरिकेत व स्कॉटलंडात हरणाची शिकार आजही कायदेशीर आहे, आणि तेथे हा युक्तिवाद वारंवार पुढे केला जातो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व त्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीने हौशी बंदुकीला कुलूप घातले. परंतु जुन्या शिकारकथा वाचताना हीच कैफियत आपल्या घरांतूनही मान डोलावून ऐकली जाते. म्हणून तिचा परामर्श घेणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रतिपक्षाचे माप त्याच्या पदरात प्रथम पुरते घालू. हरणाचा माग काढणे ही विद्या आहे, याविषयी आमचा वाद नाही. वारा आपल्याकडून कळपाकडे वाहत असेल तर सारा खटाटोप व्यर्थ होय. कारण हरणाचे नाक त्याच्या डोळ्यांआधी आपणांस ओळखते. चितळाने पुढचा पाय आपटला, झाडावरचे वानर खाकरले, की रानाला आपली वर्दी पोचली असे समजावे. हे सारे ध्यानी घेणारा मनुष्य स्वतःचा अहंकार घटकाभर तरी विसरतो, यात संशय नाही. मनूने मृगयेस कामज व्यसनांत अग्रस्थान दिले. तथापि कौटिल्याने तिची द्यूताशी तुलना करताना तिचे गुणही मोजले आहेत. व्यायाम घडतो, मेद झडतो, स्थिर व चल लक्ष्यांवर नेम बसतो, आणि भयात व क्रोधात प्राण्यांचे चित्त कसे असते ते कळते, असा त्याचा अभिप्राय आहे.

पण हीच गुणावली कालिदासाने 'शाकुंतला'त कोणाच्या तोंडी घातली आहे, ते पाहावे. दुष्यंताचा सेनापती राजासमोर मृगयेची स्तुती करतो. आणि त्याआधी विदूषकास हळूच सांगतो की, तू आपला विरोध सोडू नकोस, मी मात्र धन्याच्या मर्जीप्रमाणे बोलणार! स्तुती करणाराच मनातून शिकारीला कंटाळलेला आहे. इकडे राजाची अवस्था अशी की, हरणांच्या डोळ्यांत त्याला शकुंतलेची नजर दिसू लागली आहे आणि त्याच्याने धनुष्य वाकवत नाही. ज्याला हरीण खरोखर दिसले, त्याचा बाण भात्यातच राहिला.

आता मुख्य मुद्दा. अनुभव हेच जर फळ असेल, तर ते गोळी सुटण्यापूर्वीच पदरात पडलेले असते. माग काढून झाला, वारा साधला, हरीण पन्नास पावलांवर निःशंक चरत उभे आहे. मग चाप ओढून त्या अनुभवात नवे असे काय मिळते? स्पेनचे तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत यांनी १९४२ साली लिहिलेल्या मृगयाविषयक निबंधात याचे उत्तर दिले आहे. त्यांच्या मते मारणे हा खेळाडू शिकाऱ्याचा हेतू नव्हे. परंतु मृत्यूवाचून शिकार ही शिकारच राहत नाही. हे उत्तर प्रामाणिक आहे, पण त्याने कैफियतीचा पायाच ढासळतो. प्राण घेतल्यावाचून ज्या अनुभवाला पूर्णता येत नाही, त्यात प्राण घेणे गौण आहे असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

कित्येकांस वाटेल की, आम्ही सरसकट सर्व शिकारीवर उठलो आहोत. तसे नाही. स्कॉटलंडातून लांडगा नाहीसा झाला. अमेरिकेच्याही पुष्कळ प्रदेशांत त्याचा उच्छेद झाला. तेथे हरणे बेसुमार वाढून नवी रोपे खुडून खातात आणि वनाची वाढ खुंटते. त्यांची संख्या आवरणे हे काम कोणास तरी करावेच लागते. अमेरिकेत १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसे यांवर बसविलेल्या कराचा पैसा वन्यप्राण्यांच्या रक्षणाकडे जातो, हेही खरे. पण आवश्यकतेपोटी जो मारतो, त्याने मृत्यूची जबाबदारी उघड्या माथ्याने घ्यावी. घरच्या चुलीसाठी एक हरीण मारून त्याचे मांस वाया न घालविणारा साधा शेतकरी आम्हांस अनुभवाच्या गोष्टी सांगणाऱ्या रसिकापेक्षा अधिक सरळ वाटतो. ज्याच्या लेखी मारणे गौण, त्याच्या लेखी नेम चुकून पोटात गोळी बसलेले हरीणही गौण ठरण्याची भीती असते. शिकाऱ्याचा तो एका सकाळचा अनुभव. हरणाच्या वाट्याला मात्र दुसरी सकाळ नसते.

शस्त्रावाचून ही विद्या अपुरी राहते म्हणावे, तर तसेही नाही. संयुक्त प्रांताच्या वनखात्यातील अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी जनावरांच्या वाटेवर तार ताणून, त्यांच्याच पावलाने कॅमेरा चालेल अशी योजना केली आणि रात्रीच्या रानाची चित्रे मिळविली. त्यांचे पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले. नरभक्षकांचे कर्दनकाळ जिम कॉर्बेट यांनाही पुढे बंदुकीहून कॅमेरा अधिक प्रिय झाला. माग, वारा, धीर यांतले काहीएक या दोघांनी गमावले नाही.

शेवटी आमच्या वाचकांसही दोन शब्द. बंदूक हाती नाही एवढ्याने आपण निर्दोष ठरत नाही. ताडोब्यात जीपमधून जाताना चितळांचा कळप दिसला, तर "हरणेच आहेत, पुढे चला" असे म्हणणारी आपलीच मंडळी असतात. वाघाचे छायाचित्र मिळाले की सहल सफळ, नाहीतर पैसे बुडाले, हा हिशेब ट्रॉफीचाच आहे. फक्त तिच्यात भुसा भरलेला नसतो. शिकाऱ्याने हरणाकडे तासन्‌तास पाहिले व अखेरीस त्याला मारले. आपण त्याला मारीत नाही, पण पाहतही नाही. त्याचा धीर आपण घ्यावा आणि त्याची गोळी त्याच्यापाशीच राहू द्यावी. ज्यांस अनुभव हवा, त्यांनी तो घेऊन हरणाला जसे होते तसे चरत सोडून परतावे. आणि ज्यांस त्याचे प्राण हवेत, त्यांनी निदान अनुभवाचे नाव तरी पुढे करू नये.