निर्वासन नव्हे, नामांकन

परदेशस्थ मराठी माणसाविषयीचे आपल्याकडील समीक्षालेख वाचताना आम्हांला प्रश्न पडतो, की हे लेख नेमके कोणाविषयी आहेत? 'मुळे तुटणे', 'परात्मता', 'स्मरणरंजन' हे शब्द ठरलेले. निर्वासितांच्या साहित्यावरून उचललेला हा अंगरखा कुशल कामगार म्हणून ऑस्ट्रेलियात गेलेल्या अभियंत्याला चढवला जातो आणि तो त्याला ढगळ होतो.

कारण हा माणूस हाकललेला नाही, निवडलेला आहे, तोही गुणपत्रिकेवर. वय २५ ते ३२ असेल तर ३० गुण. पंचेचाळिशी गाठली की दारच बंद. एखाद्या राज्याने ४९१ क्रमांकाच्या व्हिसासाठी नामांकन दिले की आणखी १५. नोव्हेंबर २०१९मध्ये लागू झालेल्या नियमांनी संसाराचाही भाव ठरवला: जोडीदार नसल्यास १०, कुशल जोडीदार असल्यास १०, त्याला केवळ पुरेसे इंग्रजी येत असल्यास ५ आणि तेही येत नसल्यास शून्य. (एवढ्या ऐवजावर खरे तर एक कादंबरी उभी राहावी.) आपल्या मायबोलीलाही तिथे किंमत आहे बरे! रुग्णालयातले, बँकेतले वाटावेत असे दोन संवाद मराठी-इंग्रजीत तोंडी भाषांतरित करावेत, ९०पैकी ६३ मिळवावेत आणि ५ गुण पदरात पाडून घ्यावेत.

नामांकनाच्या १५ गुणांची परतफेड पुढे असते. पाच वर्षांच्या या तात्पुरत्या व्हिसावर सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन वगळूनच राहायचे आणि कामही तिथेच करायचे. तीन वर्षांची करआकारणीची पत्रे जमली, की मग कायम वास्तव्याचा अर्ज. कॅनडातही प्रांत नामांकन देतात. पण कायम वास्तव्य मिळालेल्याला कोणत्याही प्रांतात जाण्याचा हक्क तिथल्या १९८२च्या सनदेनेच दिलेला आहे. ऑस्ट्रेलियातील बंधन मात्र व्हिसाच्या अटीतच लिहिलेले असते.

कोणी म्हणेल, हा स्वखुशीचा सौदा; यात दुःख कसले? आम्ही दुःख शोधतच नाही. ते शोधण्याच्या हव्यासापायीच आपली समीक्षा फसली, असे आमचे म्हणणे आहे. होबार्टमध्ये दर वर्षीचे करपत्र जपून ठेवणाऱ्याला 'अधांतरी' म्हणता येईल काय? त्याला तर जागा नेमून दिलेली आहे! या विषयावर प्रबंध लिहू पाहणाऱ्यांनी आधी तो अर्ज वाचावा. सुरुवात जोडीदाराच्या रकान्यापासून केली तरी चालेल.