लाईट गेली की अलार्म मुका? मग तो अलार्म कसला!

पिंपळगाव बसवंतच्या मळ्यात घराला चोर-अलार्म बसवला, चांगलं केलं. पण "लाईट नव्हती, म्हणून वाजला नाही" हे काही पटत नाही. बाहेरचा मेन स्विच पाडायला चोराला किती वेळ लागतो? अलार्मची खरी गरज तेव्हाच. बॅटरीशिवाय अलार्म विकणारा नुसता भोंगा विकतो, हे त्याला तोंडावर सांगा.

पॅनेलचा दिवा बंद? त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावा. तोही चालला नाही तर एमसीबी बघा. चालला तर दोष ॲडॅप्टरचा, नाहीतर पॅनेलच्या फ्यूजचा. उघडण्याआधी प्लग काढा. बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा थर घासून काढा. १२ व्होल्टची सीलबंद बॅटरी चार्जिंगला असताना मीटरवर साधारण १३.५ ते १३.८ दिसायला हवं. तेवढं दिसूनही प्लग काढताच भोंगा दमला, तर बॅटरी संपली. ३ ते ५ वर्षांत ती बदलावीच लागते, तापत्या पत्र्याखाली त्याआधीच.

महिन्यातून एकदा प्लग काढून भोंगा वाजवा. द्राक्षावर भुरी दिसायच्या आधीच आपण फवारतो ना? मग इथेच चोरी व्हायची वाट कशाला बघायची?