नंगाऱ्याची किल्ली

संस्कृती जपायला निघालेल्या माणसाला पहिला सवाल एकच करायचा : किल्ली कुणाच्या कमरेला? भाषण त्याच्यानंतर.

आमच्या दिग्रसहून पोहरादेवी काही लांब नाही. जिल्हा तेवढा बदलतो, यवतमाळचा वाशीम होतो, तांडे तेच. सेवालाल महाराजांच्या त्या गावात नंगाऱ्याच्या आकाराची चार मजली इमारत उभी आहे. बंजारा विरासत संग्रहालय. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधान आले, नंगारा वाजवला, उद्घाटन झालं. विधानसभेची निवडणूक दीड महिन्यावर होती, ते सोडा. इमारत झाली हे बरंच झालं. ती पाडा म्हणणाऱ्यांतला मी नाही. गोरमाटीचं पोरगं तिथं ताठ मानेनं उभं राहतं, हे ज्याला खुपतं त्यानं आधी स्वतःची मान तपासावी.

सवाल आतल्या माणसांचा आहे. आरशा-कवड्यांची काचळी काचेमागं ठेवली. टाका कोणता, शिवली कुणी, ढावलो म्हणताना नवरीचा गळा कुठल्या शब्दावर दाटतो, हे सांगणारी याडी कुठाय? ती पगारावर आहे का? की आपल्याकडची नेहमीचीच रीत : पाहुणे येणार म्हणून फेटिया नेसवून नाचायला आणायची आणि गाड्या गेल्या की टेम्पोत भरून परत? अभ्यास साहेबाचा आणि झाडू तांड्याचा अशी वाटणी असंल तर तो नंगारा नव्हे, नुसतं पिंप.

ही रीत आजची नाही. इंग्रजांनी १८६३ साली नागपुरात म्युझियम काढलं. लोकांनी त्याला अजब बंगला म्हटलं, आजही म्हणतात. तिथं पेंढा भरलेले प्राणी आहेत आणि त्याच छपराखाली आदिवासींच्या वस्तूंचं दालनही आहे. जिवंत गोंड-कोलाम यवतमाळच्या डोंगरात उपाशी, आणि ओळख अजब बंगल्यात! १८६३ ला बंगला, १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा. एका हातानं दागिना जपायचा, दुसऱ्या हातानं दागिना घालणारीच्या नवऱ्याची पोलिसात हजेरी घ्यायची. तो कायदा १९५२ ला गेला. माणसं 'विमुक्त' झाली म्हणे.

आता दालनात पाटी काय लिहिणार? हाच गोर माणूस तेलंगणात अनुसूचित जमात, कर्नाटकात अनुसूचित जाती, महाराष्ट्रात विमुक्त जाती. सीमेपलीकडं बैल हाकला की माणसाचा वर्गच बदलतो, असा चमत्कार कुठल्या बुवालाही जमला नाही. (कोलाम-गोंडांच्या ताटातलं ओढा, असं मी म्हणत नाही. ती भांडणं लावणाऱ्यांची दुकानं वेगळी आहेत.) ही पाटी बंजारा माणसानं लिहिली तर त्यात हा सगळा घोळ येईल. खात्यानं लिहिली तर 'रंगीबेरंगी पोशाख' येईल.

दुसरीकडं काय झालं ते बघा. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात ओसेज नावाची आदिवासी जमात आहे. २०२३ ला स्कोर्सेसीचा सिनेमा आला, काहींनी पाहिला असेल. १८९७ ला त्यांच्या मुलखात तेल लागलं. १९०६ च्या कायद्यानं जमीन वाटली गेली, पण जमिनीखालचं तेल त्यांनी सगळ्यांच्या सामाईक मालकीचं ठेवलं. पैसा आला, मागोमाग गोरे आले. (गोर वेगळे, गोरे वेगळे.) कोर्टाकडून यांचे 'पालक' म्हणून नेमणुका करून घेतल्या. तेलाच्या वाट्यासाठी १९२० च्या दशकात माणसं मारली. लग्नाच्या बायकोला विष घालण्यापर्यंत गेले. एवढं रक्त सांडल्यावर १९३८ साली पॉहस्का गावी या लोकांनी स्वतःचं संग्रहालय उघडलं. मागं होता जॉन जोसेफ मॅथ्यूज, त्यांच्यातलाच लेखक. जमातीच्या स्वतःच्या मालकीचं त्या देशातलं सगळ्यात जुनं संग्रहालय म्हणून ते ओळखलं जातं. आजही ते जमातच चालवते. भाषा मरणाला टेकली तेव्हा २००६ साली स्वतःची लिपी घडवली. २०१६ ला ती युनिकोडमध्ये गेली. आणि १९९० पासून तिथं कायदा आहे : सरकारी पैसा घेणाऱ्या संग्रहालयानं आदिवासींच्या पूर्वजांची हाडं आणि पवित्र वस्तू त्यांना परत द्यायच्या. आपल्याकडं लाखो लोक गोरबोली बोलतात, ती आठव्या अनुसूचीतही नाही. अमेरिका काही स्वर्ग नाही. ओसेजांना कुणी दिलं नाही, त्यांनी घेतलं.

मी गोदीत कंत्राटावर ओझी वाहतो. लदेणी म्हणजे काय हे मला पुस्तकात बघावं लागत नाही. बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य घालून यांनी मुलूख तुडवला, राजांच्या फौजा पोसल्या. रेल्वे आली, लदेणी मेली. आमच्याकडं कंटेनर आले, १९८९ ला न्हावाशेवा सुरू झालं, मुंबई गोदीतल्या पाठी रिकाम्या झाल्या. उद्या माझाही हूक कुणी काचेत ठेवील आणि खाली लिहील : 'गोदी कामगाराचे अवजार'. ठेवा बापहो. पण तो बोटांत कसा धरायचा अन् पोत्यात कुठं मारायचा, हे सांगायला माझ्याच पोराला पगारावर घ्या.

पोहरादेवीलाही तेच मागायचं. कोण काम करतं, कुठल्या पदावर, तांड्यातले किती, याची पाटी पहिल्या दालनाच्या आधी लावा. पाट्या गोरबोलीत आधी, मराठीत नंतर. वस्तू कुणाकडून आणली त्या घराचं नाव वहीत हवं, आणि त्या घराला लग्नासाठी ती न्यायची असंल तर काच उघडायची. मोडली, फाटली तर मोडू द्या. शिवणारे हात आहेत अजून.

दसरा-दिवाळी झाली की दिग्रस-पुसद-मानोऱ्याकडच्या तांड्यांतली माणसं उसाला निघतात. कोयता, भांडी, लेकरं, सगळं ट्रकात. मागं म्हाताऱ्या राहतात. ढावलो त्यांनाच पाठ, टाका त्यांच्याच बोटांत. संग्रहालयाच्या मस्टरवर पहिला अंगठा त्यांचा घ्या, किल्ली त्यांच्या ओच्याला बांधा, आणि पगार महिन्याच्या सात तारखेच्या आत द्या.