वायरमन आला की दिवा शहाण्यासारखा वागतो

दाढ रात्रभर ठणकते आणि दवाखान्याच्या पायरीवर पाऊल टाकलं की थांबते. घरातल्या विजेचंही तसंच आहे, मैत्रिणींनो. संध्याकाळी सातला देवापाशी दिवा लावायला जावं तर वरचा बल्ब एकदम भगभगायचा, पंख्याचा आवाज चढायचा. दोन-चार मिनिटांत सगळं पूर्ववत. वायरमनला बोलावलं, तो आला दुपारी बाराला. टेस्टर लावला, बटणं खालीवर केली नि म्हणाला, “वहिनी, काय नाय, सगळं ओके आहे.” असं तीनदा झालं. मग घरातही सुरू झालं, “तुला भास होतो.” भासानं फ्रिजचा कॉम्प्रेसर जळतो का हो? आमचा जळला.

खरं सांगायचं तर चूक माझीही होती. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं आमच्या पिंपरी पेंढारनं चांगलीच भोगली आहेत. तेव्हापासून जिभेला वळणच पडलं, की काहीही झालं तरी ‘लाईट गेली’. खांबावरची गेली, घरातली गेली, की एकाच बोर्डाची गेली, हे बघायची सवयच राहिली नाही. आणि वायरमनला मी सांगत काय होते? “अहो, मधेच होतं काहीतरी.” एवढ्यावरून तो बिचारा तरी काय शोधणार?

दुधाचा हिशेब आपण कॅलेंडरवर मांडतोच. त्याच चौकोनांत मी विजेचं लिहायला लागले. किती वाजता झालं, तेव्हा घरात काय चालू होतं, एकाच खोलीत झालं की सगळीकडे, वारा-पाऊस होता का. पंधरा दिवसांत चित्र दिसायला लागलं. दुपारी एकदाही नाही. सगळ्या खुणा संध्याकाळी साडेसहा ते नऊच्या, त्यातही वाऱ्याच्या दिवशी जास्त. मिक्सर चालू असो वा बंद, फरक नाही. म्हणजे दोष आमच्या एखाद्या यंत्रात नव्हता.

बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करताना विषय काढला. शेजारच्या काकू म्हणाल्या, “आमच्याकडं तर उलटंच. बल्ब मिणमिणतो नि टीव्ही बंद पडतो.” वेळ विचारली तर तीच, सातच्या सुमाराची! आणखी दोघींनी मान डोलावली. दोघींकडे उजेड वाढत होता, दोघींकडे कमी होत होता. आणि चौघींनाही घरात एकच उत्तर मिळालेलं, भास.

त्यातली गोम अशी. खांबावर तीन फेज असतात आणि एक न्यूट्रल. आपल्याला एक फेज आणि न्यूट्रल मिळतो, त्यांच्यात २३० व्होल्ट. हा न्यूट्रलचा जोड सैल झाला की विजेला परतीची नेहमीची वाट राहत नाही, ती शेजारच्या फेजवरच्या घरांमधून वाट काढते. दोन फेजमध्ये असतात सुमारे ४०० व्होल्ट, आणि त्यांची वाटणी होते भाऊबंदकीसारखी, असमान. ज्याच्या घरी वापर कमी, त्याच्या माथी जास्त व्होल्ट. संध्याकाळी घरोघरी वापर वाढला की हे उघड होतं. ॲल्युमिनियमच्या जोडावर थर चढतो, जोड तापतो-निवतो, आणखी सैल होतो. वाऱ्यानं तार हलली की सुटतो, पुन्हा टेकतो. दुपारी बाराच्या शांत हवेत वायरमनला काय दिसणार!

चौघींच्या कॅलेंडरची पानं जोडून अर्ज दिला. लाईनमन दादा चढले, काळा पडलेला जोड कापून नवा केला. त्या दिवसापासून खूण एकही नाही. पण बल्ब असा भगभगला तर कारण शोधत बसू नका, आधी मेन स्विच बंद करा आणि १९१२ वर तक्रार नोंदवा. आमचा मेन बाहेरच्या भिंतीवर होता. अंधार पडल्यावर बिबट्याच्या भीतीनं जुन्नर तालुक्यात अंगणात उतरवत नाही, म्हणून पहिल्यांदा तो घरात घेतला.

हाताला येणाऱ्या झिणझिण्यांसाठी मात्र पंधरा दिवस थांबायचं नाही. गटातल्या एकीला वॉशिंग मशीनला हात लावला की मुंग्या यायच्या, तेही फरशी ओली असेल तेव्हाच. सासूबाईंनी उपाय सांगितला, चपला घाल. मी जाऊन पाहिलं तर तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून तो दोन भोकांच्या सॉकेटात बसवलेला! ती जाड पिनच तर अर्थिंगची. शॉक बसण्याआधीची ती सूचना होती, आणि आपण तिला चपलेनं गप्प करत होतो. मशीन त्याच दिवशी बंद करायला लावलं.

एमसीबी असला की झालं, असं पुष्कळींना वाटतं. एमसीबी वायर जपतो, माणूस नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. त्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं, दाबलं की तो पडलाच पाहिजे. मी अमावस्येला दाबते, लक्षात राहतं. तो सारखा पडतो म्हणून काढून टाकणारी घरं मी पाहिली आहेत. कुत्रं भुंकतं म्हणून हाकलून देण्यातलाच हा प्रकार. त्यापेक्षा सगळे प्लग काढा आणि एकेक लावत जा. आपोआप बर्फ वितळणाऱ्या फ्रिजमधला हीटर काही तासांनीच चालू होतो, म्हणून तो चोर लगेच सापडत नाही. दोन दिवस द्यावे लागतात. बोर्ड उघडणं मात्र आपलं काम नाही. जळका वास, गरम बोर्ड, चरचर आवाज, यातलं काहीही जाणवलं तर मेन बंद करा आणि जाणत्या माणसाला बोलवा.

परवा वाडीवरची एक जण म्हणाली, “ताई, पाऊस आला की आमचा आरसीसीबी पडतो, मग लागतच नाही.” मी विचारलं, “पाऊस थांबल्यावर?” म्हणाली, “दोन-तीन तासांनी लागतो.” म्हणजे पाणी कुठंतरी वायरिंगमध्ये मुरतंय आणि वाळतंय. वायरमनला गच्चीवरच्या दिव्याचा जोड आधी बघायला सांगितलाय. तो रविवारी येणार आहे. मी म्हटलं, ऊन असलं तर येऊ नको, पाऊस पडून गेला की लगेच ये.