बाळगुटी थांबवा, आजीला नको

‘आम्हालाही गुटीच दिली होती, काय वाईट झालं आमचं?’ बाळंतिणीच्या खोलीत हा प्रश्न आला की सून गप्प बसते, आणि पुष्कळदा डॉक्टरही. खरं तर प्रश्न लबाड आहे, कारण तो विचारायला फक्त जगलेलेच उरतात. १९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं वर्षाच्या आत गेली. २०२० साली हा आकडा २८ होता. ते सगळे मृत्यू गुटीने झाले असं मी म्हणत नाही. गरिबी होती, लसी नव्हत्या, दवाखाने लांब होते. पण जुन्या रीतींच्या बाजूने साक्ष काढताना त्या १२९ जणांना कोणी बोलावत नाही.

गुटीचे समर्थक म्हणतात, हळकुंड, वेखंड, सुंठ, मुरुडशेंग, हिरडा, जायफळ ही घरचीच औषधं. सहाणेवर मोजून एकदोन वळसे, त्याने काय होतं? मोजून काय, तर वळसे. जायफळ किती कसदार, हात किती दाबून फिरला, याला माप नाही. जायफळाने बाळ गाढ झोपतं, हा तर गुण म्हणूनच सांगितला जातो. पण दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा उठून प्यायचं असतं त्या जिवाला गुंगीत ठेवलं, तर ते कमी चोखणार. कमी चोखलं की आईचं दूध कमी होणार. मग तीच आजी म्हणणार, ‘हिला दूधच पुरत नाही.’ पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात जेमतेम चमचाभर मावतं. ती जागा सहाणेवरच्या पाण्याने भरायची? मधाचं बोट तर त्याहून वाईट. मधात बोट्युलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात, आणि तान्ह्याच्या आतड्यात ती रुजून विष तयार करतात. मध रानातला अस्सल आहे म्हणून बीजं टळत नाहीत. वर्षाच्या आत मध नाहीच.

चिकाचा प्रकार मला सर्वांत अजब वाटतो. गाय व्याली की चिकासाठी गवळ्याकडे आधीच सांगून ठेवायचं, खरवस करून वाटीवाटीने शेजारी पाठवायचा. आणि घरातल्या बाईचं पहिलं पिवळसर दूध ‘जड असतं, बाधतं’ म्हणून पिळून टाकायचं. त्या थोड्याशा दुधात रोगांशी लढणारी प्रथिनं ठासून भरलेली असतात, आणि बाळाला त्या दिवसांत तेवढंच हवं असतं. पहिले काही दिवस वजन थोडं उतरतं, दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत भरून येतं. उतरलेलं वजन बघून घाबरलेल्या घरात वरचं दूध शिरतं ते बहुधा इथेच.

नाकाकानात तेल, डोळ्यांत काजळ, बेंबीला हळद, बंद खोलीत ओवा-वेखंडाची धुरी, आणि आईच्या संप्रेरकांमुळे फुगलेली बाळाची छाती पिळणं. यांच्या बाजूने बोलण्यासारखं काही नाही.

पण एवढ्यावर थांबणारे सुधारक अर्धवट आहेत. घरच्या चाटणाला नाकं मुरडणाऱ्या काही प्रसूतिगृहांत ‘दूध येईपर्यंत’ म्हणून पावडरीचा डबा बिनदिक्कत सुचवला जातो. या डब्यांची जाहिरात आणि मोफत वाटप १९९२ च्या कायद्याने बंद केलं आहे, तरी! सहाण गेली आणि बाटली आली, एवढीच सुधारणा. शिवाय जाता जाता आजीच्या खोलीतलं चांगलंही मोडीत काढलं.

सव्वा महिन्याची ती खोली मला फार शहाणपणाची वाटते. आईने चुलीकडे बघायचं नाही, अळीवाची खीर आयती हातात, येणाऱ्याजाणाऱ्याला उंबऱ्याबाहेरच थांबवायचं, बाळ गुंडाळून आईच्या कुशीत. दूध वाढायला सतत चोखणं लागतं, आणि त्यासाठी बाई मोकळी लागते. आज पाचवीलाच पन्नास माणसं फोटोला येतात. मालीशही हसण्यावारी नेऊ नये. हलक्या हाताने केली तर अपुऱ्या दिवसांच्या बाळांनाही तिचा उपयोग होतो. नारळाच्या तेलाने त्यांचं वजन अधिक वाढल्याचं मुंबईतल्या अभ्यासात दिसलं. नाक दाबून सरळ करणं किंवा टाळू ‘भरणं’ मात्र नको, टाळू आपोआप दीड वर्षाच्या सुमारास भरते. आणि आजी बाळाला मांडीवर घेऊन बोलत बसते ना, तेव्हा तिचा चेहरा नेमका वीतभर, फार तर दीड वीत लांब असतो. नवजाताला स्पष्ट दिसतं ते तेवढ्याच अंतरावरचं. ‘सव्वा महिना त्याला काही दिसत नाही’ असं तीच म्हणते, हा भाग वेगळा.

डॉक्टरांचीही एक अंधश्रद्धा होती: आजारी नवजात वाचवायचं तर शहरातलं रुग्णालयच हवं. ती खोडून काढली गडचिरोलीने. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत गावच्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. त्या घरी जाऊन वजन घेत, श्वास मोजत, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक देत. शिकवण्यात आयांबरोबर आज्याही होत्या. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला: नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला होता.

त्यातूनच २०११ पासून आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊ लागल्या. त्यांना ‘दृष्ट लागेल’ म्हणून बाळ न दाखवणारी घरं अजून आहेत. अशा घरी माझा आग्रह आजीपाशीच असतो. कपडे काढून, उजेडात, दोघींनी मिळून बघावं. चोखणं मंदावलंय का, रडणं क्षीण झालंय का, हातपाय ढिले किंवा गार पडलेत का, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास होतायत का, छाती आत ओढली जातेय का. पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला असेल तर कोवळ्या उन्हात धरून बसू नये. त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं, आणि बाळाला घेऊन आजीनेही सोबत जावं.