घोडीची चौदाव्या दिवसाची तपासणी

घोडी फळविल्यानंतर ती गाभण राहिली की नाही, हे एकवीस दिवसांनी ती पुन्हा माजावर येते की नाही यावरून ठरविण्याचा शिरस्ता आपल्या अश्वपालकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अनुभवाच्या बळावर टिकलेल्या या शिरस्त्याविषयी अनादर न बाळगताही आता असे म्हणणे भाग आहे की, त्यावर विसंबून राहण्याचे दिवस सरले. कारण गर्भाच्या जीवनमरणाचा पहिला आणि बहुधा सर्वांत मोठा निवाडा त्या एकवीस दिवसांच्या आतच होऊन गेलेला असतो.

घोडीच्या गर्भाची कथा इतर पाळीव जनावरांहून निराळी आहे. फलित झालेला गर्भ सहाव्या दिवसाच्या सुमारास बीजवाहिनीतून गर्भाशयात उतरतो, आणि हे उतरणेसुद्धा त्याच्या स्वतःच्या कर्तृत्वाने घडते. तो प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे द्रव्य स्रवतो, त्याच्या योगाने वाहिनीचे स्नायू सैल पडतात आणि वाट मोकळी होते. फलित न झालेले बीजांड मात्र बहुधा वाहिनीतच पडून राहते. गर्भाशयात आल्यावर गाईचा गर्भ लांबत जाऊन आपल्या देहानेच गर्भाशय व्यापतो. घोडीचा गर्भ तसे करीत नाही. एका चिवट आवरणात बंदिस्त असा तो गोलच्या गोल राहतो आणि गर्भाशयाच्या एका शृंगातून दुसऱ्या शृंगात, मधल्या भागातून पुन्हा माघारी, असा अखंड हिंडत असतो.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक ऑलिव्हर गिंथर यांनी 1980 नंतरच्या दशकात सोनोग्राफीच्या साहाय्याने हे हिंडणे प्रत्यक्ष पाहिले, तोपर्यंत त्याची कल्पना कोणास नव्हती. सलग दोन तास, दर पाच मिनिटांनी, गर्भ कोठे आहे याची नोंद करावयाची, असा त्यांचा क्रम होता. पडद्यावर दिसते ते इतकेच: करड्या पार्श्वभूमीवर एक काळे, स्वच्छ वर्तुळ, आणि त्याच्या वरच्या व खालच्या कडेस एकेक लखलखीत पांढरी रेघ. आता डाव्या शृंगाच्या टोकाशी असलेले हे वर्तुळ थोड्याच वेळात गर्भाशयाच्या मध्यभागी सापडते. अकराव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत ही भ्रमंती ऐन भरात असते आणि सोळाव्या दिवसाच्या सुमारास, सुमारे अडीच सेंटिमीटर व्यासाचा झालेला गर्भ एका शृंगाच्या बुडाशी, जेथे ते वळण घेते तेथे, कायमचा अडकतो.

या भ्रमंतीचे प्रयोजन संप्रेरकांत आहे. अंडाशयातील पीतपिंड प्रोजेस्टेरॉन पुरविते आणि त्या प्रोजेस्टेरॉनवरच गर्भ जगतो. परंतु घोडी रिकामी आहे असा गर्भाशयाचा समज झाला, की चौदाव्या दिवसाच्या आसपास तेथून प्रोस्टाग्लँडिन एफ-२-अल्फा सुटते आणि पीतपिंडाचा नाश करते. आपण आलो आहोत ही वर्दी गर्भाशयाच्या कानाकोपऱ्यांत स्वतः जाऊन पोहोचविल्यावाचून गर्भाची सुटका नसते. संशोधकांनी गर्भाशयाचा काही भाग बांधून गर्भाला उरलेल्या भागात कोंडले, तेव्हा गर्भ जिवंत असूनही पीतपिंड नष्ट झाले. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? वर्दी देणारे नेमके द्रव्य शास्त्राला अद्याप सापडलेले नाही, हे या विषयाचे मोठे आकर्षण होय. गर्भाला ढकलते ते गर्भाशयाच्या स्नायूंचे आकुंचन, आणि त्या आकुंचनास चेतविणाऱ्या द्रव्यांत गर्भाची स्वतःची प्रोस्टाग्लँडिने प्रमुख असतात; ती तयार होऊ न देणारे औषध घोडीला दिले, तर गर्भाचे हिंडणे मंदावते. पुढे प्रोजेस्टेरॉन आणि गर्भाचे इस्ट्रोजेन यांच्या संयुक्त प्रभावाने गर्भाशयाच्या भिंती ताठरतात आणि वाढता गर्भ जागच्या जागी आवळला जातो.

आता हे सारे ज्ञान पागेत आणून पाहावे. न तपासता, केवळ अंदाजावर, घोडी लवकर माजावर यावी म्हणून प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन टोचणे म्हणजे कदाचित पोटात हिंडत असलेल्या शिंगराचा आधार आपल्याच हाताने काढून घेणे होय. उलट, गर्भ टिकावा म्हणून डोळे मिटून प्रोजेस्टेरॉन देत राहणेही तितकेच अविचाराचे. गर्भ मेलेला असला, तर त्या औषधाच्या अमलाखाली घोडी माजावर येत नाही आणि सगळा हंगाम हातचा जातो. जुळ्यांचा प्रश्न तर याहून गंभीर. घोडीच्या गर्भाशयात दोन शिंगरे नीट पोसली जात नाहीत; बहुतेक वेळा गर्भपात होतो आणि घोडीचाही जीव धोक्यात येतो. दोन्ही गर्भ हिंडते आहेत तोवर पशुवैद्यकाला एक वेगळा करून हाताने चिरडून दुसऱ्यास वाचविता येते. ते एकाच शृंगात शेजारी शेजारी रुतून बसल्यावर हे काम फार अवघड होते. म्हणजे चौदाव्या-पंधराव्या दिवशीची तपासणी ही श्रीमंत स्टड फार्मची हौस नसून, घोडी आणि शिंगरू यांच्या जिवाची निकड आहे.

बिकानेरला आपल्याच शास्त्रज्ञांनी भ्रूण-प्रत्यारोपणाने मारवाडी शिंगरू जन्मास घातले आहे. ज्ञान देशात आहे, प्रश्न आहे तो ते तालुक्यापर्यंत पोहोचविण्याचा. ज्या महाराष्ट्रात भीमथडीची जात आहे, तापीकाठी सारंगखेड्यास दत्तजयंतीला घोड्यांचा एवढा बाजार भरतो, तेथील सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत घोडी तपासण्याजोगे सोनोग्राफी यंत्र आणि ते चालविणारा प्रशिक्षित हात यांची तजवीज निदान घोड्यांचा वावर असलेल्या तालुक्यांत तरी झालीच पाहिजे. गर्भाशयाच्या कोपऱ्यातील गर्भ न चुकविता शोधणे हे सरावाचे काम आहे, म्हणून नुसते यंत्र खरेदी करून ते कपाटात ठेवणाऱ्या मंजुरीने ते साधणार नाही. आणि अश्वपालकांस विनंती इतकीच की, घोडी फळविल्याची तारीख वहीत लिहून ठेवावी, चौदाव्या-पंधराव्या दिवशी तिची सोनोग्राफी करून घ्यावी, गाभ दिसल्यास पंचविसाव्या दिवसानंतर शिंगराच्या हृदयाचे ठोके पाहण्यासाठी तिला पुन्हा न्यावे, आणि तपासणी झाल्यावाचून माजाचे कोणतेही इंजेक्शन कोणालाही देऊ देऊ नये.